हमारचं विकिंगशीपे: कॉसच्या बर्फावर एक रविवार

आधीच सांगून टाकते, हमारच्या ह्या स्पीड स्केटिंगच्या हॉलला पाचपैकी पाच स्टार. स्केटिंग येत नसेल तरी जा, नुसतं बसून बघायला तरी जाच.

ओस्लोत राहून आम्हाला सहा वर्षं झाली पण हमारला कधी उतरलोच नव्हतो, लिलेहामरला जाताना ट्रेनच्या खिडकीतून ते उलटं घातलेल्या जहाजासारखं छप्पर दिसायचं, लेक म्हणायची आई ते काय गं, आणि तोवर ते मागे पडायचं. यावेळी कोल्हापूरहून बाबा आले होते. बाबांची उमेदीची सगळी वर्षं तालमीत गेलेली, त्यांना म्युझियम वगैरे दाखवलं की दहा मिनिटांत बाकडं शोधतात, म्हणून म्हटलं चला, खेळाची जागा दाखवू.

लिहितात विकिंगस्किपेट, पण इथली माणसं म्हणतात विकिंगशीपे. १९९४ चं विंटर ऑलिम्पिक लिलेहामरचं म्हणून सगळ्यांना माहीत असतं पण स्पीड स्केटिंग तिथे झालंच नव्हतं, ते झालं इथे हमारला, त्यासाठीच हा हॉल बांधला आणि १९९२ च्या डिसेंबरमधे उघडला. आणि ह्याच बर्फावर नॉर्वेच्या योहान ओलाव कॉसने आठ दिवसांत तीन सुवर्णपदकं घेतली, १३ फेब्रुवारीला ५००० मीटर, १६ ला १५००, २० ला १०,०००, आणि तिन्ही वेळा वर्ल्ड रेकॉर्ड. आमच्या बिल्डिंगमधल्या एक आजी आहेत, त्यांच्याकडे कॉसचं नाव काढलं की त्या ते आठ दिवस अजून काल झाल्यासारखे सांगतात, खरं तर त्यांच्यामुळेच मला जायची ओढ लागली.

ओस्लोहून ट्रेनने सव्वा तासाच्या आसपास लागतो, शेवटी शेवटी म्योसा तळ्याच्या काठाने गाडी जाते (नॉर्वेतलं सगळ्यात मोठं तळं, उजेड असताना जा, डावीकडची सीट पकडा). स्टेशनपासून हॉलपर्यंत आम्ही चालत गेलो, लहान मूल आणि म्हातारं माणूस बरोबर असेल तर निवांत अर्धा तास धरा.

आत गेल्यावर पहिलं लक्ष जातं ते वर. लाकडाच्या प्रचंड कमानी, लांबातली लांब ९६ मीटरच्या वर, आणि मधे एकही खांब नाही. खाली ४०० मीटरचा पांढरा ट्रॅक. फोटोत हे कळतच नाही, मी दहाबारा फोटो काढले आणि सगळे डिलीट केले.

आम्ही जरा लवकर पोचलो होतो म्हणून क्लबच्या पोरापोरींचं ट्रेनिंग बघायला मिळालं आणि सगळ्या दिवसात भारी जर काय असेल तर ते. लांबलचक ब्लेड, डावा हात पाठीवर ठेवलेला, गुडघ्यात वाकून कंबर इतकी खाली की नाक जवळजवळ गुडघ्याच्या रेषेत. बाबा रेलिंगला हात टेकून बराच वेळ गप्प उभे होते आणि मग म्हणाले, "अगं ही तर बैठक हाय की! अर्ध्या बैठकीत ऱ्हायचं आणि वर तसंच पळायचं. मांड्या बघ त्या पोरांच्या, पैलवानाच्या हायत." मला इतकी वर्षं स्केटिंग म्हणजे घसरणं वाटायचं, बाबांनी एका वाक्यात सांगितलं की हे बैठका मारणं आहे. खरंच, एकदा तसं बघितलं की मग दुसरं काही दिसतच नाही.

दुसरी गोष्ट आवाजाची. आताचे स्केट क्लॅप प्रकारचे असतात, म्हणजे ब्लेड पुढे बिजागरीवर असतं, टाच उचलली तरी ब्लेड बर्फावर टेकलेलं राहतं आणि पाय उचलला की स्प्रिंगने खट्‌ करून जागेवर येतं, त्यामुळे हॉलभर खट्‌ खट्‌ चालू असतं. ट्रेनमधे कॉसचा जुना व्हिडिओ बघितला होता त्यात हा खट्‌ नव्हता, कारण १९९४ ला सगळे फिक्स ब्लेडवरच पळायचे, क्लॅप आले त्यानंतर दोनतीन वर्षांनी आणि मग रेकॉर्ड धडाधड पडले. म्हणजे कॉसने जे केलं ते जुन्या ब्लेडवर केलं हे लक्षात ठेवून तो ट्रॅक बघा.

लेकीने विचारलं की ते मधेच लेन का बदलतात. दोघं दोघं पळतात, आतली लेन छोटी आणि बाहेरची मोठी, म्हणून प्रत्येक राऊंडला समोरच्या सरळ पट्टीत अदलाबदल करायची, आणि टक्कर व्हायची वेळ आली तर बाहेरून आत येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. तिला हे फार आवडलं, दिवसभर आम्हाला रस्त्यात "मी बाहेरून येतेय" म्हणत होती.

मग पब्लिकची वेळ झाली आणि आम्ही उतरलो. इथे एक सावधगिरीची सूचना. मी ओस्लोतल्या एका दुकानातून सेकंड हँड हॉकी स्केट घेतले होते, धार लावून दिलीय म्हणून छातीठोक सांगितलं होतं, आणि बर्फावर पाय ठेवल्यावर कळलं की धारच नाही, वळणावर पाय नुसता बाहेर सरकतोय. स्केट घेताना ब्लेडवर नख हलकंच आडवं ओढून बघा, नखाचा पापुद्रा निघाला पाहिजे. लेकीचे स्केट बूआमधून आणले होते, ते मात्र उत्तम निघाले (ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, बूआत खेळाचं सामान फुकट वापरायला मिळतं, मुलांच्या पायाचं माप दर वर्षी बदलतं तेव्हा विकत घेऊच नका).

एक राऊंड मी घड्याळ लावून केला. जीव काढून, कडेकडेने, पावणेतीन मिनिटं. कॉसचे १०,००० मीटर १३ मिनिटं ३०.५५ सेकंदात झाले, म्हणजे २५ राऊंड, म्हणजे एका राऊंडला सरासरी साडेबत्तीस सेकंदसुद्धा नाहीत, ते पण एकामागून एक पंचवीस वेळा, बैठकीतून न उठता. माझ्या एका राऊंडमधे त्याचे पाच झाले असते. त्याआधीचा रेकॉर्ड पण त्याचाच होता, १९९१ चा, तो त्याने जवळजवळ १३ सेकंदांनी मोडला, आणि दुसरा आलेला शेल स्टोरेली, तो पण नॉर्वेचाच, १८ सेकंदांपेक्षा जास्त मागे. आकडे मी आधी वाचले होते, पण वळणावर पाय थरथरत असताना ते आठवले तेव्हा डोळ्यात पाणी आलं.

आणि ह्या माणसाचं सगळं सरळ सोपं झालं असंही नाही. १९९२ ला आल्बेरव्हीलच्या ऑलिम्पिकच्या अगदी तोंडावर स्वादुपिंडाला सूज येऊन हॉस्पिटलात, तिथून उठून ५००० ला सातवा, आणि मग १५०० मधे सुवर्ण, ते पण आपल्याच टीममधल्या ओद्ने सॉन्ड्रोलला ०.०४ सेकंदाने मागे टाकून. ह्याच प्रकारांत हीच तीन सुवर्णं १९५२ ला यालिस आंदेर्सनने ओस्लोत बिस्लेट स्टेडियमवर घेतली होती, ४२ वर्षांनी परत घरच्या प्रेक्षकांसमोर ते कॉसने केलं. आणि पंचविसाव्या वर्षी स्केट खुंटीला!

बाबांना खरं हलवलं ते वेगळ्याच गोष्टीने, जेवताना सांगितलेल्या. १९९३ ला कॉस एरिट्रियाला गेला होता, तिथे पोरं फुटबॉल खेळत होती, बॉल म्हणजे एका पोराचा शर्ट, त्याच्याच लांब बाह्यांनी गाठ मारून बांधलेला, म्हणून त्या पोराला सगळ्यात जास्त मित्र. कॉस म्हणाला मी परत येईन, आणि ऑलिम्पिकमधे १५०० च्या सुवर्णाचं बक्षीस मिळालं ते त्याने ऑलिम्पिक एड ह्या मदतनिधीला देऊन टाकलं, इतरांनाही द्यायला लावलं, आणि खेळाचं सामान घेऊन एरिट्रियाला खरंच परत गेला. त्यातूनच पुढे २००० साली राइट टू प्ले ही खेळातून मुलांसाठी काम करणारी संस्था उभी राहिली. बाबा थालीपीठाचा तुकडा हातात धरून ऐकत होते, म्हणाले, "दिलेला शब्द पाळला म्हण की."

कामाच्या गोष्टी. पब्लिक स्केटिंगच्या वेळा निघायच्या आदल्या दिवशी बघा, कारण रेस, क्लब, प्रदर्शनं असं बरंच काही असतं आणि ईस्टरला तर वर्षानुवर्षं कॉम्प्युटरवाल्यांचा मोठा मेळा इथे भरत आलाय, तेव्हा बर्फ नसतो. आत थंडी असते, बसून बघणाऱ्याला पळणाऱ्यापेक्षा जास्त वाजते, बाबांना दोन स्वेटर आणि कानटोपी घालूनही थर्मासमधला चहा लागलाच. मुलांना हेल्मेट आणि जाड हातमोजे. जेवणाचा डबा घरून न्या, इथे सगळेच नेतात, कोणी बघत नाही. हॉलच्या शेजारीच ओकेर्सविका आहे, पक्ष्यांसाठी राखलेली खाडी, वेळ असेल तर जाताना तिथे थांबा, आम्हाला उजेड पुरला नाही.

निघताना बाबा दिसेनात म्हणून मागे वळून बघितलं तर ते रेलिंगपाशी खाली वाकले होते. हातमोजा काढून बर्फाला बोटं लावली आणि तीच बोटं कपाळाला लावली, आखाड्यात उतरताना मातीला लावतात तशी. लेक म्हणाली आजोबा हात गार झाला असेल ना, तर तिच्याच खिशात हात घालून चालायला लागले.

फेब्रुवारीत परत जाणार आहोत, ह्या वेळी रेस बघायला, बाबांचा व्हिसा तोवर आहे.