म्हाडा की एसआरए: स्वस्त घराचा खर्च कोण उचलतो?

मुंबईत परवडणाऱ्या घरांसाठी सरकार पैसे देतं, असं आपण सरसकट म्हणतो. प्रत्यक्षात दोन अगदी वेगळ्या वाटा आहेत: म्हाडा, म्हणजे राज्य सरकारचं गृहनिर्माण प्राधिकरण, आणि एसआरए, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाची योजना.

म्हाडाचं गणित सरळ. 1977 पासूनचं हे मंडळ जमीन घेतं, इमारत बांधतं, उत्पन्न गटानुसार किंमत ठरवून सोडत काढतं. नंबर लागला तर घर, नाही तर अनामत परत. किंमत मात्र भरावीच लागते, आणि खरी अडचण तिथेच: धुणीभांडी किंवा हमाली करणाऱ्याला सॅलरी स्लिप आणायची कुठून? बँक कर्ज देत नाही, लागलेलं घर सोडावं लागतं.

1995 ला आलेल्या एसआरएमध्ये तिजोरीतून जवळपास काहीच जात नाही. सरकार देतं ते चटईक्षेत्र, म्हणजे त्याच जमिनीवर जास्त बांधकाम करायची परवानगी. विकासक पात्र (ठरलेल्या तारखेआधीपासूनच्या) झोपडीधारकाला 300 चौरस फुटांचं घर फुकट देतो आणि उरलेल्या बांधकामातले फ्लॅट बाजारभावाने विकतो. ऐकायला झकास, पण सगळा डोलारा त्या विक्रीवर. बाजार मंदावला की काम थांबतं, घर मिळेपर्यंत विकासकाने द्यायचे भाड्याचे चेक बंद होतात आणि लोक वर्षानुवर्षं संक्रमण शिबिरात. शिवाय जास्त फ्लॅट विकायला जागा हवी, म्हणून पुनर्वसनाच्या इमारती इतक्या खेटून की खालच्या मजल्यावर दुपारीही ट्यूबलाइट लागते. लिफ्ट बिघडली तर वर्गणी कोण काढणार, हा वाद वेगळाच.

झोपडी पात्र असेल तर एसआरए टाळून चालणार नाही, कारण दुसरा पर्याय हातात नसतो. पगार नियमित असेल तर मी म्हाडाच सांगेन. भाड्याने राहणाऱ्या गरिबाचा विचार मात्र दोन्हीकडे नाही.