बोल्गा टोपली, आठ महिन्यांनंतर: बूड उत्तम, पण मुठीचा रंग जातो

जानेवारीतल्या एका शनिवारी इंग्लंडमधल्या लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवरून भाजी घेऊन येताना पाऊस लागला. घरी येऊन कोट काढला, तेव्हा डाव्या बाहीच्या आतल्या बाजूला, कोपराच्या खोबणीपासून थेट मनगटापर्यंत, काताच्या रंगाचा एक लांबट डाग पडलेला दिसला. कोट फिकट बदामी रंगाचा, लोकरीचा आणि तीन हिवाळे जपून वापरलेला होता. टोपली मी नेहमीप्रमाणे कोपरात अडकवली होती, आणि तिची चामड्याची मूठ जिथे टेकली होती नेमका तिथेच डाग होता. या टोपलीविषयी लिहायचे असे मी त्याच दिवशी ठरवले. मात्र त्या दिवशी लिहिले असते तर ते फार वेगळे झाले असते.

टोपली घानाची, बोल्गा नावाने विकली जाणारी, गवताने विणलेली, रुंद तोंडाची आणि गोल बुडाची आहे. इंग्लंडमधल्या एका लहानशा फेअर ट्रेड, म्हणजे कारागिराला रास्त मोबदला देऊन माल घेणाऱ्या, भेटवस्तूंच्या दुकानाच्या वेबसाइटवर नोव्हेंबरात ४० पौंडांची टोपली ३६ ला मिळत होती आणि दोन घेतल्यास टपालखर्च माफ होता, म्हणून एक नॉटिंगहॅमच्या मैत्रिणीच्या वास्तुशांतीला देण्यासाठी आणि एक स्वतःसाठी अशा दोन मागवल्या. या ३६ पौंडांतले ६ पौंड मूल्यवर्धित कराचे, म्हणजे सरकारचे. उरलेल्या ३० पौंडांत विणकर स्त्री, मूठ मढवणारा कारागीर, निर्यातदार, जहाज, गोदाम आणि दुकानदार असे सगळे बसवायचे आहेत, हे ध्यानात ठेवले तर ही किंमत महाग म्हणता येणार नाही. मला मात्र ती महागच वाटली, आणि तसे म्हणण्यात मला संकोच वाटत नाही.

खोके उघडल्यावर पहिला धक्का बसला. दोन्ही टोपल्या चक्क पापडासारख्या चपट्या होऊन एकमेकींवर बसल्या होत्या. बोल्गातांगा हे शहर घानाच्या अगदी उत्तरेला, बुर्किना फासोच्या सीमेजवळ आहे. तिथून समुद्रकिनाऱ्यापर्यंत रस्त्याने सुमारे ८०० किलोमीटर अंतर पडते आणि त्यापुढे जहाजाचा प्रवास असतो. फुगलेल्या टोपल्या पाठवायच्या तर भाडे टोपलीतल्या हवेचेच भरावे लागेल, म्हणून त्या दाबून पाठवतात. हे कारण मला पटले, पण चपटी टोपली पूर्वपदावर येईल यावर माझा विश्वास बसेना. बुरूड आळीतून आणलेली बांबूची दुरडी किंवा रोवळी अशी दाबली तर तिच्या कामट्या कडाकड मोडतील.

सोबतच्या चिठ्ठीत टोपली कोमट पाण्यात बुडवून हाताने आकार द्या, एवढेच लिहिले होते. मी मूठ वर धरून टोपली न्हाणीघरातल्या टबात पाच मिनिटे ठेवली. पाणी किंचित जांभळट झाले आणि घरभर पावसात भिजलेल्या कडब्याच्या गंजीसारखा वास सुटला. मग बूड बाहेरच्या बाजूने ठोकून बसवले, पोट फुगवले आणि आकार टिकावा म्हणून आत पाच लिटरचा कुकर ठेवून टोपली रात्रभर रेडिएटरपासून लांब सुकत ठेवली. सकाळी कुकर काढला तेव्हा टोपली अशी नीट बसली होती, की जणू तिला कोणी कधी दाबलेच नव्हते. अहोंनी कुकरची शिट्टी टोपलीतच राहिल्याचे दाखवून दिले, ते सोडले तर त्या सकाळचा आनंद निर्भेळ होता. त्यानंतर दोनदा ती गाडीच्या डिकीत सामानाखाली चेंगरली आणि दोन्ही वेळा याच उपायाने सरळ झाली.

असे का होते, हे वीण जवळून पाहिल्यावर कळते. गवताची प्रत्येक काडी उभी चिरून दोन केलेली असते, त्यासाठी बायका बऱ्याचदा दातांचाच उपयोग करतात, आणि मग प्रत्येक अर्ध्या काडीला वळून पीळ दिलेला असतो. त्यामुळे हाताला लागते ती चपटी काडी नसते, ती जवळजवळ सुतळी असते. ती वाकते, दबते, पण तुटत नाही. रंगवायच्या काड्यांच्या जुड्या उकळत्या पाण्यात रंग घालून बुडवतात आणि विणायला बुडापासून सुरुवात करून वर कडेकडे येतात. त्या भागात पावसाळा एकच असतो आणि उरलेल्या कोरड्या महिन्यांत शेतात फारसे काम नसते, तेव्हा या टोपल्यांचा पैसा घराला आधार होतो. गंमत अशी, की बोल्गातांगाच्या नावाने जगभर विकल्या जाणाऱ्या या टोपल्यांचे गवत आता बरेचसे दक्षिणेकडून, अशांती प्रदेशाकडून विकत आणावे लागते. म्हणजे गवत आधी उत्तरेला चढते आणि टोपली होऊन पुन्हा दक्षिणेला बंदराकडे उतरते.

वापराबद्दल तक्रारीला जागा नाही. बुडात एका वेळी पाच किलो कांदे, दोन दुधी आणि वर मेथीच्या चार जुड्या असा भार मी अनेकदा वाहिला आहे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकदा नऊ किलोपर्यंत भरला, तरी वीण कुठे सैल झालेली नाही. कडेच्या दोन-तीन काड्यांची टोके सुरुवातीला स्वेटरला अडकत होती, ती कात्रीने छाटली. बचतीचा हिशेबही मी केला. इथे पिशवीला दुकानात १० पेन्स पडतात, म्हणजे ३६ पौंडांत ३६० पिशव्या येतात, आणि आठवड्याला एक धरली तर टोपलीची किंमत वसूल व्हायला सहा वर्षे अकरा महिने लागतील. अर्थात, घरात लग्नांतून मिळालेल्या, साडीच्या दुकानांची नावे छापलेल्या एकवीस कापडी पिशव्या असताना हा हिशेब मुळातच खोटा आहे, हे मान्य करायला हवे.

आता मुठीकडे वळते.

मूठ म्हणजे गवताच्याच जाड गाभ्यावर बकऱ्याचे चामडे गुंडाळून शिवलेले असते. विणणे आणि चामड्याचे काम हे तिथे वेगळे उद्योग आहेत. विणून झालेली टोपली मूठ मढवायला दुसऱ्या कारागिराकडे जाते. हातात धरायला मूठ अतिशय सुखाची आहे, जड ओझे असूनही बोटांवर वळ उठत नाहीत. पहिले तीन आठवडे तिला बकऱ्याचा वास होता, तो गेला. पण तिचा रंग पक्का नाही. कोरडी असेपर्यंत काही होत नाही, मात्र पावसाचे चार थेंब पडले किंवा हाताला घाम आला, की तळहात विडा खाल्ल्यासारखा लाल-तपकिरी होतो. हे कोटाच्या आधीही दोनदा झाले होते. तेव्हा मी हात धुऊन विषय सोडून दिला, ही माझी चूक.

दुकानाला मी छायाचित्रांसह ईमेल पाठवला. चार दिवसांनी उत्तर आले, की हाताने बनवलेल्या वस्तूंत असे वैविध्य असतेच आणि तेच त्यांचे सौंदर्य आहे. या वाक्याने मला जेवढा राग आला तेवढा डागानेही आला नव्हता. वीण एका बाजूला किंचित तिरकी असणे, दोन टोपल्यांच्या जांभळ्या पट्ट्यांत फरक असणे, याला मी वैविध्य म्हणेन आणि ते मला आवडतेही. रंग जाणे हे वैविध्य नव्हे. चामड्याचा रंग पक्का केलेला नसेल तर तसे गिऱ्हाइकाला आधी सांगायला हवे. नवी कोल्हापुरी घेताना चपलवालाच सांगतो, की तेल पाजा आणि पावसात घालू नका. तीही हाताने केलेलीच असते.

मी दुकानाला ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याची आठवण करून दिली. खरेदीनंतर पहिल्या सहा महिन्यांत दोष दिसला, तर तो मुळात नव्हता हे सिद्ध करायची जबाबदारी विक्रेत्यावर येते, आणि पहिले तीस दिवस उलटून गेले असले तरी दुरुस्ती किंवा बदली मागता येते. टोपली विणणारी बाई गरीब आहे म्हणून तिच्या वतीने विकणाऱ्याला हा कायदा लागू होत नाही, असे त्यात कुठे म्हटलेले नाही. उत्तरात टोपली बदलून देण्याची तयारी आली. कोट धुण्याच्या १४ पौंडांबद्दल मात्र त्यात एक अक्षर नव्हते.

टोपलीला लावलेले कार्ड मी त्याच सुमारास पुन्हा नीट वाचले. विणणाऱ्या बाईचा फोटो होता, तिची किती मुले शाळेत जातात ते होते, या खरेदीने तिचे आयुष्य कसे बदलते तेही होते. मूठ ओली झाली तर काय होते ते नव्हते. फेअर ट्रेडला माझा विरोध नाही. कॉफीवर दिसणारे निळ्या-हिरव्या-काळ्या रंगाचे फेअरट्रेडचे चिन्ह मुख्यतः शेतमालासाठी असते आणि ते मालाला मिळते. हस्तकलेत जागतिक फेअर ट्रेड संघटना संपूर्ण संस्थेचाच व्यवहार दहा तत्त्वांवर तपासते. त्यात हस्तकलेच्या मालासाठी कारागिरांनी मागितल्यास किमान ५० टक्के रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यावी असा नियम आहे, आणि गवत लांबून विकत आणावे लागणाऱ्या बाईसाठी हा नियम फार मोलाचा आहे. टोपलीची किंमत मी त्यासाठी भरली. दान म्हणून दिली नाही, आणि म्हणून तक्रारही दात्याच्या संकोचाने केली नाही.

इथवरचा मजकूर मार्चमध्ये लिहून ठेवला होता. त्यानंतर मत थोडे बदलले, ते कसे हेही लिहायला हवे.

एप्रिलात टोपली बदलून घ्यायला मी स्वतः दुकानात गेले. सोबत एक पांढरा सुती रुमाल आणि पाण्याची बाटली नेली होती. काउंटरवरच्या बाईंना सांगून मी फडताळातल्या टोपल्यांच्या मुठी ओल्या रुमालाने घासून पाहिल्या. तीन मुठींचा रंग रुमालाला लागला. चौथी बाईंनी स्वतः घासली, रुमाल उजेडात धरून पाहिला आणि शांतपणे म्हणाल्या, की हे आम्ही कधी करून पाहिलेच नव्हते. वाद घालण्याची सगळी तयारी करून गेलेल्या माणसाची अशा वेळी फार पंचाईत होते. त्यांनी निर्यातदाराला लिहिते असे सांगितले, आणि कोटाचे १४ पौंड दिले, पण रोख न देता त्याच दुकानात खर्च करायच्या व्हाउचरच्या रूपात दिले. मला हे आवडले नाही आणि मी ते घेतलेही.

त्या चौदा पौंडांसाठी दुकानभर तासभर फिरले. मुरादाबादची पितळी घंटा १८ पौंडांना होती, ती तुळशीबागेच्या आठवणीने जागच्या जागी ठेवून दिली. शेवटी केनियाच्या किसी भागातल्या मऊ दगडाची, फिकट गुलाबी रंगाची, तळहाताएवढी वाटी घेतली. ती आता देवघरात हळदीकुंकवाला आहे आणि तिचा रंग कुठेही लागत नाही. टोपली मात्र बदलून घेतली नाही. नव्या टोपलीची मूठही रंग सोडणारच होती, आणि जुनीचे बूड माझ्या कुकरच्या आकारावर बसलेले होते.

घरी येऊन मूठ ओल्या फडक्याने सात वेळा पुसली. सातव्या वेळी फडके जवळजवळ स्वच्छ आले, पण जवळजवळच. मग आईच्या विरलेल्या नारायणपेठी साडीचा काठ दोन इंच रुंदीच्या पट्टीत कापून क्रिकेटच्या बॅटच्या मुठीला गुंडाळतात तसा घट्ट गुंडाळला आणि दोन्ही टोके हाताने टाचली. मे आणि जून हे दोन महिने झाले, त्यात पाऊसही भरपूर झाला, पण बाहीला काही लागलेले नाही. भाजीवाल्यांच्या रांगेत दोन अनोळखी बायकांनी अशी मूठ कुठे मिळते म्हणून विचारले. त्यांना टोपलीच्या दुकानाचे नाव सांगितले आणि काठाची हकिकतही सांगितली.

नॉटिंगहॅमच्या मैत्रिणीला फोन करून मुठीबद्दल सावध केले. तिची टोपली पहिल्या दिवसापासून दिवाणखान्यात आहे, तिच्यात लोकरीचे गुंडे राहतात आणि ती कधी पावसात गेलेलीच नाही. कार्ड तिने फ्रेम करून भिंतीवर लावले आहे. मी त्याबद्दल काही बोलले नाही.

भाचीच्या लग्नात द्यायला मागच्या आठवड्यात आणखी एक टोपली घेतली, त्याच दुकानातून. या वेळी चामड्याऐवजी विणलेल्या गवताचीच मूठ असलेली निवडली, ती ५ पौंडांनी स्वस्तही आहे. पैसे देण्याआधी पर्समधून रुमाल काढला, तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी न सांगता पाण्याचा पेला पुढे केला. रुमाल पांढराच राहिला.