श्रावणी सोमवार, संकष्टी, निर्जळी की सोळा तास? कुठला उपवास धरायचा

श्रावण तोंडावर आला आणि विट्याच्या मावसबहिणीचा फोन, "दादा, सोमवार धरू, संकष्टी धरू का ते यूट्यूबवर दाखवतात ते सोळा तासांचं करू? एकच काय ते सांग." वय ४३, वजन ७४ किलो, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) ६.१, म्हणजे शुगर अजून लागलेली नाही पण उंबऱ्यावर येऊन उभी आहे. मी काही डॉक्टर नाही, सांगलीत मेडिकल दुकान आहे माझं, पण एकादशीच्या दुसऱ्या दिवशी पित्ताच्या गोळ्यांच्या किती स्ट्रिपा जातात ते पंधरा वर्षं काउंटरवर बसून बघतोय. तिला फोनवर सांगितलं तेच जरा नीट लिहितो.

आधी आपला फराळाचा उपवास. एका एकादशीला मी किचनमधला वजनकाटा काढून बसलो, "आता शाबू पण मोजणार का" म्हणून बायको चिडली ते वेगळं. माझ्या एकट्याच्या ताटातला कोरडा शाबू १०० ग्रॅम भरला, शेंगदाण्याचा कूट ३० ग्रॅम, तूप दोन मोठे चमचे आणि एक बटाटा. हिशोब लावला तर ८०० कॅलरीच्या आसपास गेला, आणि रोजच्या दोन ज्वारीच्या भाकरी, भाजी, वाटीभर आमटी हे सगळं मिळून ६०० च्या आत बसतं! म्हणजे उपवासाच्या दिवशी मी जास्तच जेवलो, वर संध्याकाळी बटाट्याचे वेफर्स, रताळ्याचा कीस आणि राजगिऱ्याचा लाडू आहेच. शाबू म्हणजे टॅपिओकाच्या कंदाचा निव्वळ स्टार्च, तिकडे तमिळनाडूत सेलमला बनतो, त्यात प्रोटीन जवळजवळ नाहीच आणि फायबर पण नाही. माझ्या आईला शुगर आहे, खिचडी खाऊन दोन तासांनी मीटरवर २६४ आली. पुढच्या एकादशीला वरीचा भात थोडा, दाण्याची आमटी जास्त आणि काकडीची दह्यातली कोशिंबीर दिली तर १९०. दोनच रीडिंग आहेत, त्यावर शास्त्र उभं करत नाही, पण आई आता स्वतःच शाबूचं पातेलं नातवंडांकडे सरकवते.

त्यामुळे "उपवास करूनही वजन उतरत नाही" म्हणणाऱ्यांनी आधी ताटात बघावं. शरीराच्या हिशोबाने तो उपवास झालेलाच नसतो. लिव्हरमध्ये साधारण १०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे राखीव साखर, साठवलेलं असतं, जेवण बंद केलं की आधी ते वापरलं जातं आणि साधारण बारा तास उलटले की चरबी जाळायचं प्रमाण वाढत जातं. दर तीन तासांनी फराळ आणि मध्ये तीन कप गोड चहा झाला तर तिथपर्यंत गाडी जातच नाही.

मग निर्जळी बरी का? अजिबात नाही, याबाबत माझं मत पक्कं आहे. पाणी सोडल्याने चरबी जास्त जळत नाही, दुसऱ्या दिवशी काट्यावर जे किलोभर कमी दिसतं त्यात बरंचसं पाणीच असतं. डोकं दुखतं, बीपी खाली येतं, ज्याला मुतखडे होतात त्याला तर आमंत्रणच. आमच्या आत्याचं ऐका. शुगरची ग्लिमेपिराइड सकाळी नेहमीप्रमाणे घेतली, कारण "औषधाने उपवास मोडत नाही, घोटभर पाणी चालतं", आणि हरतालिकेला दिवसभर पोटात काही नाही. दुपारी चारच्या सुमारास घामाने चिंब, हात थरथरतायत, काहीतरी असंबद्ध बोलायला लागली, शेजारणीला वाटलं अंगात आलं, ती हळदकुंकू आणायला पळाली. नशिबाने भाऊ घरी होता, मीटर लावला तर ४८. ७० च्या खाली आली की धोका सुरू होतो, ४८ म्हणजे फारच खाली. शुद्धीवर होती, गिळता येत होतं म्हणून साखरपाणी पाजलं आणि ती सावरली. देवाने काही तिला गोळी घेऊन उपाशी राहा म्हणून सांगितलं नव्हतं. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड असलं काही चालू असेल तर डॉक्टरांना विचारून डोस ठरवल्याशिवाय कुठलाच उपवास नको. डॅपाग्लिफ्लोझिनच्या जातीची गोळी असेल तरी तसंच, त्यात लघवीवाटे साखर आणि पाणी जातं, उपाशीपोटी रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) वाढायचा धोका असतो आणि गंमत म्हणजे तेव्हा मीटरवर शुगर नॉर्मलसुद्धा दिसू शकते.

आता सोळा तासांचं. आठ तासांत काय ते खायचं, बाकी वेळ पाणी आणि बिनसाखरेचा कोरा चहा. आपल्याकडे डॉ. जगन्नाथ दीक्षितांमुळे दोन वेळा जेवण, तेही ५५ मिनिटांत, हे घराघरात पोचलंय, तेही याच्याच जवळचं. यावर चांगल्या ट्रायल झाल्यात. २०२० मध्ये अमेरिकेत ११६ जणांवर, खाण्यावर दुसरं काही बंधन न घालता फक्त दुपारी बारा ते रात्री आठ, बारा आठवड्यांत सरासरी किलोभर पण उतरलं नाही, आणि जे उतरलं त्यात चरबीपेक्षा स्नायूच जास्त असल्याचं दिसलं. २०२२ मध्ये चीनच्या ग्वांगझूत १३९ लठ्ठ लोकांना वर्षभर सारख्याच कमी कॅलरी दिल्या, निम्म्यांना सकाळी आठ ते दुपारी चार एवढंच खायचं बंधन. त्यांचं ८ किलो उतरलं, दुसऱ्या गटाचं ६.३, आणि हा फरक ठोस धरण्याएवढा नव्हता. थोडक्यात घड्याळाने नाही, कमी खाल्ल्याने उतरतं. पण ज्याला रात्री दहाला टीव्हीसमोर भडंगाची पिशवी संपवायची सवय आहे (आपली सांगली!) त्याला घड्याळच उपयोगी पडतं, कॅलरी मोजत बसण्यापेक्षा सोपं. ऑटोफॅजीचं, म्हणजे पेशी स्वतःचाच कचरा साफ करतात त्याचं म्हणाल तर २०१६ चं नोबेल जपानी शास्त्रज्ञ ओसुमींना त्यावर मिळालं ते खरं, पण मूळ काम यीस्टवरचं होतं, सोळा तास झाले की माणसाच्या पेशीत बटण दाबल्यासारखी सफाई सुरू होते असं कुणी सिद्ध केलेलं नाही.

सोमवार आणि संकष्टी यात मी सोमवार घेईन, आणि कारण धार्मिक नाही, वेळेचं आहे. सोमवार संध्याकाळी सुटतो, हरिपूरला संगमेश्वराचं दर्शन घेऊन आलं की साडेसातला जेवण आटोपतं. संकष्टीला चंद्रोदय नऊ-साडेनऊला, तोवर चहावर चहा, मग गणपतीच्या देवळातल्या रांगेतून घरी येऊन दिवसभराची भूक एकदम ताटावर, मोदक, वरणभात, भजी, आणि अर्ध्या तासात आडवं. छातीत जळजळ होणार नाही तर काय. ज्यांना संकष्टी सोडायची नाहीच त्यांनी दिवसा ताक, फळं, मूठभर शेंगदाणे घ्यावेत आणि रात्रीचं ताट अर्धं करावं, बाप्पा रागावत नाही.

बहिणीला शेवटी असं सांगितलं. सोमवार धर, दिवसा शाबू बंद, दही-ताक, पेरू, शेंगदाणे चालतील, पाणी भरपूर. बाकीचे दिवस सोळा नको, चौदा तास पुरे, रात्री साडेसातला जेवण आणि सकाळी साडेनऊला नाश्ता, आणि जेवणात उसळ, अंडं, पनीर यातलं काहीतरी रोज, म्हणजे स्नायू उतरणार नाहीत. तीन महिन्यांनी एचबीएवनसी परत कर. "आणि एकादशी?" म्हणाली. वर्षाला चोवीस एकादश्या, अधिक मास आला तर सव्वीस, सगळ्या धरायच्या का आषाढी-कार्तिकीच ते तू ठरव. तिच्या सासूबाईंना मात्र पित्ताशयात खडे आहेत, त्यांनी फार वेळ उपाशी राहू नये हे पण सांगून टाकलं. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, वाढत्या वयाची पोरं, किडनीचा त्रास असलेले, आणि आधीच काडीसारखे असलेले, यांनी या तुलनेत पडूच नये.

एक राहिलंच. शाबूऐवजी आईला वरी दिली असं वर लिहिलं खरं, पण सुटी वरी आणि विशेषतः तयार भगरीचं पीठ घेऊ नका. दमट हवेत त्याला बुरशी लागते, तिचं विष शिजवूनही जात नाही, नवरात्रात आणि महाशिवरात्रीला विषबाधेच्या बातम्या येतात त्या त्याच्याच. अर्धा किलोचं सीलबंद पाकीट, तारीख बघून, घरी निवडून धुवून घ्यायची, आणि पीठ लागलंच तर मिक्सरवर त्या दिवसापुरतं.