जुनी गाडी खाली बसवलेली आहे का : टेपने मोजावे की लिफ्टवर घ्यावी?

जुनी हॅचबॅक किंवा सेडान घेताना, तिच्या स्प्रिंग कापून किंवा बदलून ती खाली बसवलेली आहे का, हे तपासण्याचे दोन मार्ग आपल्या हाती असतात. एक म्हणजे मोजपट्टीने चाक आणि मडगार्ड यांच्यातील अंतर मोजणे आणि दुसरा म्हणजे गाडी लिफ्टवर घेऊन स्प्रिंग प्रत्यक्ष पाहणे. गेल्या काही वर्षांत घरासाठी दोन जुन्या गाड्या घेताना मी पहिल्या वेळी टेपवर विसंबलो आणि दुसऱ्या वेळी लिफ्टवर. त्या अनुभवावरूनच हे लिहीत आहे.

टेपचा मोठा गुण म्हणजे विक्रेत्याच्या दारातच पाच मिनिटांत काम होते आणि कोणाची परवानगी मागावी लागत नाही. मात्र जमिनीपासून मोजू नये. चाकाच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजावे, म्हणजे टायरचा आकार आणि त्यातील हवा यांचा हिशेब आपोआप बाजूला पडतो. उदाहरणार्थ, दुसऱ्या पिढीच्या स्विफ्टला मूळच्या १८५/६५ आर १५ ऐवजी दिसायला रुबाबदार पण कमी उंचीचे असे १९५/५५ आर १५ टायर बसवले, तर स्प्रिंगला हातही न लावता गाडी सुमारे १३ मिलिमीटर खाली येते. जमिनीपासून मोजणारा माणूस अशा ठिकाणी उगाच संशय घेतो. मोजलेले आकडे त्याच मॉडेलच्या, मूळ अवस्थेतील दुसऱ्या गाडीशी ताडून पाहावेत आणि डावी-उजवी बाजूही एकमेकींशी जुळवून घ्यावी.

हे सारे मी पहिल्या गाडीच्या वेळी नीट केले होते. शेजाऱ्यांच्या त्याच मॉडेलच्या गाडीपेक्षा ही गाडी पुढे एक आणि मागे दीड सेंटिमीटर कमी भरली. मागच्या फरकाचे कारण डिकीतील सीएनजीची टाकी आणि पुढच्या फरकाचे कारण गाडीचे वय, असे विक्रेत्याने सांगितले. जुन्या स्प्रिंग वजनाने दबत जातात आणि टाकीचे वजन मागच्या चाकांवर येते, या दोन्ही गोष्टी खऱ्या असल्यामुळे मला ते पटले. पुढे पावसाळ्यात चार माणसे घेऊन जाताना आमच्या सोसायटीच्या गतिरोधकावर पुढून ‘धाड’ असा आवाज आला आणि नंतर तो रोजचाच झाला. अखेर गॅरेजमध्ये गाडी वर घेतली, तेव्हा पुढच्या दोन्ही स्प्रिंगचे खालचे टोक ग्राइंडरने सरळ कापलेले आढळले आणि गेलेली उंची भरून काढण्यासाठी वेटोळ्यांमध्ये रबरी बफर कोंबलेले होते. टेपने मला जो एक सेंटिमीटरचा फरक दाखवला, तो बफर घातल्यानंतर उरलेला फरक होता. मोजमाप बरोबर असूनही निष्कर्ष चुकला, ही गोष्ट मला आजही खुपते. गाडी किती खाली आहे, हे टेप सांगतो. का खाली आहे, हे तो सांगू शकत नाही, आणि खरेदी करणाऱ्याला खरी गरज त्या ‘का’ची असते.

लिफ्टवर ते कारण बहुधा डोळ्यांनाच दिसते. मूळ स्प्रिंगच्या टोकावरचा रंग शेवटपर्यंत सलग असतो, तर कापलेल्या टोकावर उघडे लोखंड, गंज किंवा ग्राइंडरच्या खुणा दिसतात. गॅसने तापवून दाबून आखूड केलेली स्प्रिंग असेल, तर रंग करपलेला असतो आणि वेटोळ्यांमधील अंतर एकाच जागी अचानक कमी झालेले असते. चाके लोंबकळत असताना स्प्रिंग हाताने हलवून पाहावी. कापलेली स्प्रिंग लांबीला अपुरी पडत असल्यामुळे पुष्कळदा आपल्या बैठकीत सैल होते. लाल, निळी किंवा पिवळी स्प्रिंग दिसली, तर ती बहुतेक बाहेरून घेतलेली असते. बंपस्टॉपचे, म्हणजे स्प्रिंग पूर्ण दबल्यावर धक्का झेलणारे, रबर कापलेले आहे का आणि शॉकॲब्सॉर्बरमधून तेल पाझरते आहे का, हेही त्याच वेळी पाहून होते. गाडीच्या स्वतःच्या जॅकवर मात्र हे काम करू नये आणि तिच्याखाली तर मुळीच जाऊ नये. अलाइनमेंटचे दुकान किंवा जवळचे वॉशिंग सेंटरही यासाठी पुरेसे असते.

लिफ्टलाही मर्यादा आहेत, हे मान्य करायला हवे. विकण्यापूर्वी कोणी मूळ स्प्रिंग परत बसवल्या असतील, तर लिफ्टवर सगळे ठीकच दिसेल. तेव्हा पुढच्या टायरची आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा जास्त झिजली आहे का आणि मडगार्डच्या आतील प्लास्टिकवर टायर घासल्याच्या खुणा आहेत का, एवढेच धागे उरतात. शिवाय लिफ्टसाठी विक्रेत्याला राजी करावे लागते आणि एक सकाळ खर्ची पडते. ज्याला एकाच दिवशी सात-आठ गाड्या पाहायच्या आहेत, त्याने पहिली चाळणी टेपनेच लावावी, हे योग्यच आहे.

तरीही पैसे देण्यापूर्वी दोहोंपैकी एकच तपासणी शक्य असेल, तर माझे मत नम्रपणे लिफ्टच्या बाजूने पडते. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर असावी. गल्लीबोळांत हाताने ओतलेले गतिरोधक ती मर्यादा सहज ओलांडतात, आणि १७ सेंटिमीटर ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून तळापर्यंतची उंची, असलेल्या गाडीतून तीन सेंटिमीटर गेले, तर भरल्या गाडीत फारसे काही शिल्लक राहत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ मूळ रचनेतील बदलांवर निर्बंध घालते, त्यामुळे नोंद नसलेल्या बदलाचा जाब नव्या मालकालाच द्यावा लागू शकतो.

दुसऱ्या गाडीच्या वेळी टेपने पुन्हा जवळजवळ तेवढाच, एक सेंटिमीटरचा फरक दाखवला. या वेळी मी ती लिफ्टवर घेतली. स्प्रिंगची टोके अखंड होती, कारखान्यातील रंगाचे ठिपके पुसट का होईना दिसत होते आणि वेटोळ्यांमध्ये काहीही घातलेले नव्हते. तो फरक खरोखरच वयाचा होता, आणि ती गाडी आज माझ्याकडे आहे.