आजोळी, पाहुणा म्हणून: कुडाळजवळचे एक घरगुती निवासस्थान
लहानपणी मे महिन्याची सुट्टी ज्या घरात घालवली, त्या आजोळी यंदा मुंबईहून मांडवी एक्स्प्रेसने कुडाळला उतरून मी पैसे भरून राहिलो, कारण मामांनी ते आता पर्यटकांसाठी खुले केले आहे. जांभ्या दगडाच्या भिंती, मंगलोरी कौले आणि माजघरातला झोपाळा त्यांनी जपला आहे. शेणाने सारवलेल्या जमिनीवर मात्र गुळगुळीत फरशी आली असून, पायांना ती परकी वाटली. तिरफळे घातलेले बांगड्याचे तिखले, उकड्या तांदळाचा भात आणि शेवटी सोलकढी, हे सारे मामींच्या हातचे, चवीला अगदी पूर्वीसारखे. खोल्या स्वच्छ आहेत. वीज अधूनमधून जाते, म्हणून विजेरी सोबत ठेवावी. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू होण्यापूर्वी याच घरासाठी आम्ही एसटीत रात्र काढत असू.