गावची मुक्कामी गाडी: जायला बरी, यायला त्याहून बरी

भाऊबीजेला दोन दिवस मामाकडे, नाहीतर मे महिन्यात चार दिवस आत्याकडे. अशा छोट्या फेरीसाठी यवतमाळ, वाशीम, बुलडाण्याच्या आडगावी जायचे आणि घरची गाडी नाही, तर पर्याय तीनच: एसटी, काळीपिवळी म्हणजे सीटवर चालणारी खासगी जीप, किंवा पाहुण्यांना मोटरसायकल घेऊन फाट्यावर बोलावणे. जायला यातले काहीही चालते. खरी परीक्षा परतीची असते, आणि तिथे भरवसा एकाच गाडीचा, एसटीच्या मुक्कामीचा. दिवसाच्या फेऱ्यांना पाचपैकी अडीच गुण, मुक्कामीला चार.

मुक्कामी म्हणजे संध्याकाळी तालुक्याहून सुटून शेवटच्या गावी रात्री थांबणारी आणि पहाटे तिथूनच निघणारी गाडी. ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपतात, कुठे ग्रामपंचायतीत, कुठे देवळाच्या ओसरीवर, कुठे गाडीतच. गाडी गावातच उभी असल्याने सकाळी ती बहुतेक वेळेवर हलते. दिवसाच्या फेरीचे तसे नाही. ती आधीच्या दोन-तीन फेऱ्यांचा उशीर पाठीवर घेऊन येते, त्यामुळे दुपारच्या वेळापत्रकावर पुढचा प्रवास बेतू नये. साडेपाच-सहाला निघालेली मुक्कामी आठच्या आत तालुक्याला पोचवते आणि तिथून नागपूर, अमरावती, अकोल्याच्या सकाळच्या गाड्या सापडतात.

एक गुण कापला तो याच व्यवस्थेच्या दुसऱ्या बाजूसाठी. रात्री येणारी आणि सकाळी जाणारी गाडी एकच. नाल्याला पूर आला, वाटेत टायर बसला, आगारात गाडी कमी पडली आणि रात्रीची फेरी रद्द झाली, की सकाळचीही आपोआप रद्द. पाहुणे मंडळी मात्र पहाटे चारला उठून, पाणी तापवून, पिशव्या घेऊन थांब्यावर हजर. म्हणून निघायच्या आदल्या रात्री जेवणानंतर एकदा चौकात चौकशी करायची: "मुक्कामी आली का भाऊ?" उत्तर ठरलेले असते. "रातची आलीच नाही त सकाळची कुठून येईन?" मग रात्रीच एखाद्या ऑटोवाल्याला सांगून ठेवता येते. सकाळी सहाला शोधायला गेलात तर ऑटो मिळतो, पण भाव त्याचा.

सुट्टीतल्या पाहुण्यांना न दिसणारी आणखी एक अडचण आहे. खेड्यांतल्या दिवसाच्या बऱ्याच फेऱ्या शाळेच्या वेळेवर बेतलेल्या असतात, आणि सरकारच्या मानव विकास योजनेतल्या एसटी गाड्या तर मुलींच्या शाळेसाठीच आहेत. दिवाळीत नि उन्हाळ्यात शाळा बंद, म्हणून यातल्या फेऱ्याही बंद किंवा कमी. त्याच दिवसांत आगारे लांब पल्ल्याच्या जादा गाड्या सोडतात, म्हणजे गाव-फेरीला उरते काय? गणपतीत पाहिलेले वेळापत्रक दिवाळीला धरून चालू नये. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे बाकी महाराष्ट्रात सुट्टी संपली तरी इकडे या फेऱ्या सुरू झालेल्या नसतात. चौकशी करायची ती गाडी ज्या आगाराची आहे तिथे. जिल्ह्याच्या स्टँडवरच्या खिडकीला तालुक्याची मुक्कामी कुठे थांबते हे पाठ असेलच असे नाही. धुळवडीला दुपारपर्यंत कुठलीच आशा धरू नका.

पाटीवर गावापेक्षा 'मार्गे' आधी वाचा. यवतमाळहून पुसदला जाणारी गाडी दारव्हा-दिग्रसवरूनही जाते आणि आर्णीवरूनही. पाहुणे दारव्हा ते दिग्रसच्या मधल्या फाट्यावर राहत असतील आणि तुम्ही आर्णीमार्गेच्या गाडीत बसलात, तर दिग्रसला उतरून उलटे यावे लागेल. जलद गाडी तर प्रत्येक फाट्याला थांबतही नाही, चढायच्या आधी कंडक्टरला फाट्याचे नाव सांगून 'हो' ऐकून घ्यावे. नावात बुद्रुक-खुर्द असेल तर तेही सांगावे.

उन्हाळ्यात याच रस्त्याला जागा डावीकडची धरा. दुपारी दक्षिणेला पुसदकडे जाताना ऊन पश्चिमेचे, म्हणजे उजव्या खिडकीत. परतीला सकाळी उत्तरेकडे येताना पूर्वेचे ऊन, तेही उजवीकडेच. मागच्या चाकामागची बाकडी मुलांना आवडतात, पण खड्ड्याला सगळ्यात जास्त उडतात तीच. ज्यांना गाडी लागते त्यांनी दोन चाकांच्या मधे बसावे.

पैशांचे गणित एसटीच्या बाजूने पक्के आहे. 25 जानेवारी 2025 पासून भाडे 14.95 टक्क्यांनी वाढले, तरीही. 17 मार्च 2023 पासून बायांना अर्धे तिकीट आहे, 5 ते 12 वर्षांच्या मुलांनाही अर्धेच. म्हणजे नवरा, बायको आणि शाळेतली दोन लेकरे मिळून अडीच तिकिटे होतात. सोबत पंचाहत्तरी ओलांडलेली आजी असेल तर तिचे शून्य, पण आधार कार्ड जवळ हवे आणि शून्य रकमेचे तिकीट मागून घ्यायचेच, नाहीतर तपासणीत अडचण. काळीपिवळीत पाचही जणांची सीट पूर्ण, शिवाय भरल्याशिवाय ती हलत नाही. बायांची आणि पंचाहत्तरीची सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती आहे. वरूडहून पांढुर्णा किंवा पांढरकवड्याहून आदिलाबादकडे नातेवाईक असतील, तर त्यांना सीमेपुढचे भाडे पूर्ण लागते.

गर्दीचा अंदाज थांब्यावरून बांधता येतो. मुक्कामी जिथून निघते त्या गावी चढलात तर जागा नक्की. तीन गावे पुढे चढलात तर कॉलेजची पोरे, दवाखान्यात निघालेले म्हातारे आणि दुधाच्या कॅन आधीच आत असतात. तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी त्यात भाजीची पोतीही आली. पाहुण्यांचे गाव मधले असेल आणि शेवटचे गाव एक-दोन किलोमीटरवर असेल, तर मोटरसायकलवर तिथे सोडायला सांगावे. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तर हे कराच.

राहिले सामान, कारण विदर्भातून रिकाम्या हाताने कोणी परत येऊ देत नाही. तुरीच्या डाळीचा कट्टा दिलाच तर दहा-दहा किलोच्या दोन पिशव्या करून घ्या, अख्खा कट्टा चढवायला दोन माणसे लागतात आणि त्याचे वेगळे तिकीटही फाटू शकते. कुरडया पिशवीत टाकल्या की घरी भुगा पोचतो, त्यांना पत्र्याचा डबाच हवा आणि वरची मोकळी जागा जुन्या लुगड्याने भरलेली. लोणच्याची बरणी गळ्यापर्यंत भरू नये: हिंदकळून आणि उन्हाने तेल वर येते आणि झाकणाच्या आट्यांतून पाझरते. पाऊण भरावी, तोंडावर प्लास्टिकचा कागद ठेवून मग झाकण फिरवावे आणि बरणी पायाशी उभी ठेवावी, डिक्कीत नाही. दिवाळीत वरूड-मोर्शीकडून येत असाल तर आंबिया बहाराची संत्री मिळतील. ती बंद पॉलिथिनमध्ये घाम सुटून तळाशी सडतात, जाळीच्या पिशवीत भरा आणि घरी पोचल्या पोचल्या पसरून ठेवा.