बायोथेनची १० मीटर दोरी: मैदानात कुत्र्याला हाकेवर आणण्यासाठी

घरात नाव घेतलं की धावत येणारा कुत्रा मैदानात मात्र ढिम्म हलत नाही. तिथे वास असतात, पक्षी असतात, आणि हाक कानाआड केली की ही सगळी मौज त्याला जागच्या जागी मिळते. असं दहा वेळा झालं की हाकेला अर्थच उरत नाही. लांब दोरी ही मौज तोडते, तिचं काम एवढंच. तिने कुत्र्याला खेचून आणायचं नसतं.

बायोथेन म्हणजे पॉलिएस्टरच्या पट्टीवर चढवलेलं प्लास्टिकचं आवरण. पाणी शोषत नाही, चिखल फडक्याने पुसला जातो, झुडपात फारशी अडकत नाही. नायलॉनची पट्टी हलकी असते, पण दवाने भिजून जड होते, कुसळं धरते आणि हातातून सुर्रकन सुटली तर तळहात सोलून काढते. सुती दोरी हाताला मऊ लागते, पण ओली ठेवली की कुजते. या तिघींत आमची पसंती बायोथेनला, दोन तक्रारींसकट: गुळगुळीत प्रकार ओला झाला की निसटतो, आणि वजन जाणवतं. मध्यम कुत्र्याला १३ मिलिमीटर रुंदी पुरते, दांडग्याला १९. अगदी लहान कुत्र्याला यापेक्षा अरुंद घ्या, नाहीतर तो दोरीच ओढत बसतो.

घेताना हूक नीट बघा. तो स्वतःभोवती फिरणारा हवा, नाहीतर दोरीला पीळ बसतो. स्प्रिंग वाळूने अडकते, म्हणून पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचा हूक घ्या आणि अधूनमधून धुवा. टोकाला मुठीचा फास नको. दोरी जमिनीवर घसटत असताना तोच फास झाडांच्या मुळांत नि दगडांत अडकतो.

दोरी गळपट्ट्याला कधीच लावू नका. दहा मीटर धावून आलेला कुत्रा टोकाला पोचला की सगळा हिसका मानेवर बसतो. पाठीवर कडी असलेला हार्नेसच, म्हणजे छातीभोवती बसणारा पट्टा, हवा. हाताला वेढे घेऊ नका, हातमोजे घाला. सरकपट्टा, म्हणजे डबीतून आपोआप गुंडाळला जाणारा, इथे उपयोगाचा नाही. त्यात ताण सतत राहतो आणि कुत्रा ताणाशीच खेळायला शिकतो.

सुरुवात ओळखीच्या, निवांत जागी. दोरी ढिली, अंतर ३ मीटर. तो नुसता हुंगत असताना नाव आणि एकच ठरलेला शब्द, एकदाच. आता कानाकडे बघा: आधी एक कान मागे वळतो, मग मान. मान वळली त्याच क्षणी ‘शाब्बास’ म्हणा आणि चार पावलं मागे सरका, तो पाठोपाठ येतो. खाऊ पायाशी द्या, नखाएवढे तीन-चार तुकडे एकामागून एक. हात लांब करून दिलात तर तो हातभर अंतरावरच थांबायला शिकतो. मग हार्नेसला क्षणभर हात लावा आणि ‘जा’ म्हणून पुन्हा मोकळं सोडा. ही सुट्टी खाऊइतकीच मोलाची आहे. फक्त घरी न्यायच्या वेळी बोलावलंत तर हाक म्हणजे खेळ संपला, असं तो पक्कं धरतो.

दहापैकी आठ वेळा आला की अंतर वाढवा किंवा लांबवर दुसरा कुत्रा येऊ द्या. दोन्ही एकदम नको. आला नाही तर पुन्हापुन्हा हाक मारू नका, तिसऱ्या हाकेपर्यंत तो पहिल्या दोन सोडून द्यायला शिकलेला असतो. दोरी हातात गोळा करत त्याच्याकडे चालत जा, नाकाशी खाऊ धरून वळवा आणि पुढची हाक सोप्या जागी द्या. उशिरा आला तरी रागावू नका. ती शिक्षा त्याच्या हिशेबात येण्याला लागते, पळण्याला नाही.

दोरी एकदम काढू नका. आधी हातातून सोडून जमिनीवर घसटू द्या, तीही कुंपण असलेल्या जागेतच. मग ती कापत आणा: ५ मीटर, मग २, मग वीतभर. बायोथेन कात्रीने कापता येतं आणि कडा उसवत नाहीत. नायलॉनचं टोक प्रत्येक वेळी वितळवून बंद करावं लागतं.